बोरीवरचा तांब्या

१

"तांब्या हलका लागतोय, ताई," रामेश्वर म्हणाला.

शोभना तेव्हा चहा पीत होती. सकाळचा पहिला कप पोटात जाईपर्यंत तिच्याशी बोलायची तिच्या नवऱ्याचीसुद्धा टाप नव्हती, आणि त्यात आज ती आधीच वैतागलेली. तंबूतून बाहेर येऊन डोळे चोळत ती थेट खुर्चीत बसली होती, आणि रात्रभर दवात भिजलेल्या त्या खुर्चीने तिची पाठ गारठवून टाकली होती. टॉवेल भिजलेले, सतरंजी भिजलेली, नणंदेची शाल तर पिळून घ्यावी अशी. वाळवंटात एवढं दव पडतं हे मुंबईच्या माणसाला सांगून पटत नाही. पण रामेश्वरचा चेहरा बघितला आणि तिने कप खाली ठेवला.

"हलका म्हणजे?"

"मुसफ्फापास्नं मांडीवर घेऊन आलोय मी. मला वजन ठावं हाय. ह्ये त्येवढं न्हाई."

त्याच्या हातात लाल फडक्यात बांधलेला तांब्या होता, आणि तांब्यात भिकाजीच्या अस्थी.

भिकाजी म्हणजे रामेश्वरचा चुलता. अबूधाबीजवळच्या मुसफ्फाच्या ज्या फॅब्रिकेशन यार्डात शोभनाचा नवरा सुरेश मॅनेजर होता, तिथला जुना रिगर; रामेश्वरही तिथेच कामाला. मोठमोठे लोखंडी सांगाडे साखळ्या लावून उचलायचे, हे त्याचं काम. डिसेंबरात एका सकाळी तो लेबर कॅम्पातल्या आपल्या कॉटवरून उठलाच नाही. गावाकडून त्याच्या बायकोचा, ठकुबाईचा, निरोप आला, की पेटीत घालून माणूस पाठवू नका, मला तसा बघवायचा नाही. तिथंच अग्नी द्या. अस्थी तेवढ्या सगळ्या माझ्या हातात आणून द्या, मी कऱ्हाडला संगमावर सोडीन. रामेश्वरने फोनवर काकीला शब्द दिला, आणि मग रजाच मिळेना. शेवटी सुरेश मुंबईला निघाला होता, त्याच्याबरोबर तांब्या पाठवायचं ठरलं. विमानतळावर भिकाजीचा मुलगा येणार होता.

आता अस्थी काही घरात आणत नाहीत. अबूधाबीच्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटला ना अंगण, ना झाड. बांधायच्या कुठे, एसीला? म्हणून शोभनानेच तोड काढली. दर जानेवारीत यार्डातली काही मंडळी गुरुवारी अर्धा दिवस भरून कंपनीच्या बसने डोंगरातल्या वादी सिदरला जायची. तिथे धरणाचा तलाव होता, तलावाकाठी सरकारी बाग होती, एक रात्र तंबूत राहायचं आणि शुक्रवारी संध्याकाळी परत. यंदा रामेश्वरने तांब्या तिथे आणायचा आणि सुरेशने तिथूनच आपल्या गाडीने दुबई विमानतळ गाठायचा. रात्रीपुरता तांब्या बोरीच्या झाडाला टांगायचा. वादी सिदर म्हणजेच बोरींची दरी, झाडांना काय तोटा.

"सोड बघू गाठ," शोभना म्हणाली.

तिने फडकं दोन बोटांत धरून पाहिलं. जुनं सुती फडकं, कोरडं, नीट घडी पडलेलं. डोंगराआडून ऊन अजून तलावावर उतरलं नव्हतं. रामेश्वरने हात जोडले, तांब्याच्या तोंडावरचा कापडाचा बोळा काढला, आत पाहिलं, आणि तांब्या तिच्यापुढे धरला.

"गळ्यापातुर भरला हुता," तो म्हणाला. "आता निम्मा हाय."

२

शोभना एका इन्शुरन्स कंपनीत क्लेम बघायची. त्यातही तिच्या टेबलावर यायचे ते शॉर्टेजचे क्लेम. जहाजावर चढलेला माल आणि गोदामात उतरलेला माल यांत जी तफावत पडते, ती कुठे गेली हे शोधायचं. घरात सुरेश तिला 'आमच्या सीआयडी' म्हणायचा. आज मात्र त्याला चेष्टा सुचली नाही.

"अगं, दुपारी निघायचंय मला. त्या बाईला मी काय देणार? अर्धा तांब्या?"

"अहो, आधी बघू तरी द्या. यल्ला, चला, तुम्ही चहा घ्या."

"मी काही हात लावला नाही हं!" प्रज्ञा तंबूतून ओरडली.

ही सुरेशची धाकटी बहीण. महिन्याभरापूर्वी पुण्याहून व्हिजिट व्हिसावर आली होती आणि दुबई-अबूधाबीतलं एकही दुकान तिने सोडलं नव्हतं. कुणी विचारायच्या आत सफाई देणारा माणूस शोभनाला नेहमीच आवडायचा. काम निम्मं होतं.

शोभना तंबूत शिरली. तेरा वर्षांची सृष्टी तोंडावर पांघरूण घेऊन पडली होती, "मम्मा, इट्स फ्रायडे!" एवढं म्हणून कुशीवर वळली. प्रज्ञा ओढणीखाली काहीतरी लपवत होती.

"काल संध्याकाळी कोण म्हणत होतं, अस्थी घेऊन पिकनिकला कोण येतं गं वहिनी, मला झोप लागायची नाही?"

"म्हटलं. म्हणजे काय मी जाऊन त्या... शी! वहिनी, तुला काय वाटते गं मी?"

"तुझ्या बुटांना चिखल आहे. रात्री नव्हता."

प्रज्ञाने तोंड वाकडं केलं आणि ओढणी उघडली. आत बोरं. छान पिवळी, तांबूस गालांची बोरं, मूठभर नव्हे, चांगली ओंजळभर. बागेत झाडांना हात लावायची सक्त मनाई होती, आणि पहारेकऱ्याने काल ते दोनदा बजावलं होतं.

"उजाडायच्या आधी गेले होते, जरासं दिसायला लागल्यावर. दादाला सांगू नकोस, तो लेक्चर देईल. लहानपणी शाळेच्या मागे अशीच तोडायचो."

"कुठल्या झाडाची?"

"त्याच. सगळ्यात गोड त्याचीच आहेत, काल संध्याकाळी खाली पडलेलं एक खाऊन बघितलं होतं."

"अस्थी टांगलेल्या झाडाची? आणि तुला भीती नाही वाटली?"

"वाटली असती की," प्रज्ञा म्हणाली. "पण गाठोडं कुठे होतं तिथे? मला वाटलं दादाने गाडीत नेऊन ठेवलं. मी म्हटलं बरं झालं, म्हणून तर गेले जवळ."

शोभनाने तिच्या हातातलं एक बोर उचलून तोंडात टाकलं. खरंच गोड होतं. आणि बोर चघळता चघळता तिला ते कोरडं फडकं आठवलं. सगळ्या मुक्कामात रात्रभर बाहेर राहिलेली एकच वस्तू दवाने भिजली नव्हती, ती म्हणजे ते गाठोडं. म्हणजे रात्री कुणीतरी ते काढलं होतं, आडोशाला ठेवलं होतं, आणि सकाळी, दव पडायचं थांबल्यावर, पुन्हा जिथल्या तिथे नेऊन टांगलं होतं.

चोर कधी माल परत आणून टांगतो?

३

बोरीखाली ओलसर मातीत एक चौकोनी ठसा होता. तो आईसबॉक्सचा. रामेश्वर बुटका, काल त्याने बसमधला आईसबॉक्स आणून त्यावर चढून तांब्या टांगला होता, आणि आज सकाळी उतरवताना पुन्हा तसाच. बॉक्स त्याने दोन्ही वेळा त्याच जागी ठेवला होता, ठशावर ठसा. पावलांखेरीज दुसरा कसलाही ठसा नव्हता. दगड नाही, खुर्चीचे पाय नाहीत. म्हणजे मधल्या वेळात ज्याने तांब्या काढला आणि परत बांधला, त्याला चढावं लागलं नव्हतं. प्रज्ञा तर रामेश्वरपेक्षाही दोन बोटं बुटकी. ती सुटली.

इतक्यात बागेचा पहारेकरी मुनीर समोरून आला. उंच, लाल दाढीचा पठाण. काल याच झाडाखाली त्याने रामेश्वरला हटकलं होतं, "झाड पे कुछ लटकाना मना है, मुदीर साब देखेगा तो मेरा काम खलास." मग गाठोड्यात काय आहे ते कळल्यावर गप्प झाला होता.

"मुनीरभाई, रात को किसी ने इसको उतारा?"

"मॅडम, अपना बात बोलता हूँ, मय्यत की अमानत को हम हाथ नहीं लगाता." त्याने छातीवर हात ठेवला. "फाटक बंद था, बाहर से कोई नहीं आया. लेकिन एक चीज देखा. सुबह अंधेरे में टॉर्च मारा तो पानी के पास चप्पल पडा था. एकदम कायदे से रखा हुआ, पानी से दूर. हम डर गया, कोई डूब तो नहीं गया! उधर दीवार तक देख के आया. वापस आया तो चप्पल गायब."

"किसका चप्पल?"

"अब चप्पल तो सब कंपनीवाले का एक जैसा, मॅडम."

शोभना काठापर्यंत गेली. मऊ चिखलात अनवाणी पावलं सरळ पाण्यात गेली होती आणि तशीच परत आली होती. जानेवारीतलं डोंगरातलं पाणी, बोट घातलं तरी कळ यावी असं गार. आंघोळीला कुणी जाणार नाही. तोंड धुवायला जाणारा चप्पल एवढ्या लांब काढणार नाही.

रामेश्वरही मागोमाग आला होता. पावलं पाहिली आणि त्याचं डोकं फिरलं.

"लियाकत!" तो ओरडला. "रोज पहाटे ह्योच पाय धुतो! त्यानंच केलंय!"

४

लियाकत बसचा ड्रायव्हर, खेडकडचा कोकणी. बसजवळ बसून तो कांदा चिरत होता. रामेश्वर अंगावर धावून गेला तरी तो उठला नाही, सुरी तेवढी बाजूला ठेवली.

"वजू मी नळावर केला, भाभी," तो शोभनाकडे बघून म्हणाला. "काठावर चिखल आहे, माणूस साफ व्हायला जातो का घाण व्हायला?"

"नमाज कुठे पढलात?"

"काठावरच. वर, तो सपाट दगड आहे ना, तिथे."

"मग पाण्यात उतरलेला माणूस तुम्हाला दिसला असेल."

"नमाजात माणूस इकडेतिकडे बघत नाही."

शोभना हसली. "नाही बघत. पण शेवटी सलाम फेरताना आधी उजवीकडे बघतो, मग डावीकडे. तलाव तुमच्या डाव्या हाताला येतो, लियाकतभाई."

लियाकतने कांद्याकडे पाहिलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, आता ते कांद्याचं की कसलं, देव जाणे.

"भाभी, तुम्ही फार वाईट बाई आहात," तो म्हणाला. "मी काही बघितलं असलंच तर ते त्याचं नि खुदाचं. मला विचारू नका. भिकू माझाही होता."

"बघा! बघा!" रामेश्वर पुन्हा पुढे सरसावला. "ह्याला ठावं हाय! ताई, पोलिसांना बोलवा!"

"बोलावू," शोभना शांतपणे म्हणाली. "पोलीस तुला पहिलं काय विचारतील? काय चोरीला गेलं? सांग काय सांगशील. बस खाली. बस म्हणते ना!"

तो बसला.

"आता ऐक. माझ्या टेबलावर रोज चोऱ्या येतात. ज्याला माल हवा असतो तो सगळा नेतो. ज्याला नकोसा असतो तो सगळा फेकून देतो. अर्धा घेऊन उरलेला नीट बांधून, होता त्याच फांदीला परत कोण टांगेल? तांब्या जमिनीला टेकवायचा नाही हे ज्याला माहीत आहे, पाण्यात उतरताना चप्पल लांब काढायची हे ज्याला माहीत आहे, आणि या अस्थींवर एकट्या ठकुबाईंचा नाही, आणखी कुणाचा तरी हक्क आहे असं ज्याला मनापासून वाटतं, तो. हा चोर नाही रे. ही वाटणी आहे."

"वाटणी? कुणाची?"

"ते भिकाजीलाच विचारायला हवं. मला एक सांग. त्याचं दहावं तुम्ही कुठे केलंत?"

रामेश्वरला प्रश्नाचा रोख कळेना, पण त्याने सांगितलं. मुसफ्फात कावळा म्हणजे औषधाला मिळायचा नाही. पिंडाला कावळा शिवल्याशिवाय चुलत्याला गत कशी मिळायची? शेवटी कुणीतरी म्हणालं, दुबईत देराला खाडीच्या धक्क्यावर, जिथे लाकडी गलबतं लागतात, तिथे कावळे आहेत. मग शुक्रवार गाठून लियाकतच्या बसने पिंड घेऊन पार देरापर्यंत गेले. सुरेशही होता.

"कावळे होते गं भरपूर," आरडाओरडा ऐकून आलेला सुरेश म्हणाला. "पण एक शिवेल तर शपथ. समोर गलबताच्या काठीवर बसून नुसते बघत होते."

"म्हणजे भिकाजीची काहीतरी इच्छा राहिली होती."

"तसंच म्हणतात ना! मग एकेकाने पुढे होऊन कबूल करायला सुरुवात केली. मी म्हटलं, भिकाजी, तुझ्या पोराला आपल्या यार्डात लावून घेतो. कावळा हलला नाही."

"मी म्हनलं, काका, अस्थी काकीच्या हातात पोचिवतो," रामेश्वर म्हणाला. "तरीबी न्हाई."

"मी म्हटलं भिकू, तुझा टेपरेकॉर्डर घरी पोचवतो," लियाकत पुटपुटला. "तो हरामखोर कावळा उलट तोंड फिरवून बसला."

"मग शेवटी शिवला कसा?"

तिघे एकमेकांकडे बघायला लागले. उत्तर तिघांनाही एकदमच आठवलं असावं. रामेश्वरचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"क्रेनवाले मुरलीधरनाना पुढं गेले," तो म्हणाला. "आमच्याकडं पाठ केली. पिंडापाशी वाकून काय तरी बोलले, हळू, कुनालाच ऐकू आलं न्हाई. आन् ते मागं सरायच्या आत कावळा खाली."

"आज सकाळपासून," शोभनाने विचारलं, "मुरलीधरना कुणी पाहिलंय का?"

५

मुरलीधर धरणाच्या भिंतीवर बसला होता. यार्डातला क्रेन ऑपरेटर, ताडमाड उंच, पिकलेल्या मिशांचा. भिकाजी खाली साखळी लावायचा आणि हा वर क्रेनमध्ये. भिकाजीने हात वर केला की उचलायचं, मूठ मिटली की थांबायचं. वीसेक वर्षं दोघांचं काम असं बिनबोलण्याचं चाललं होतं. त्याची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती आणि दुमड अजून ओली होती.

शोभना थोडं अंतर ठेवून बसली. बाकीचे, आता प्रज्ञासुद्धा, मागे उभे राहिले. तिने पँटचा विषय काढला नाही, पावलांचाही नाही.

"नाना," ती म्हणाली, "कावळ्याला काय सांगितलंत?"

मुरलीधरने तिच्याकडे बघितलं, आणि एवढा थोरला माणूस, लहान पोरासारखा रडायला लागला. तिने त्याला रडू दिलं.

"सांगनारच हुतो," बऱ्याच वेळाने तो म्हणाला. "सायेब गेल्यावर. तोंड झालं न्हाई."

मग त्याने सांगितलं. भिकाजीचं गाव कोयनेच्या खोऱ्यात होतं. तो पोरगा असताना धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. घर, देऊळ, आईबापाला जिथे जाळलं ती जागा, सगळं. उठवून दुसरीकडे बसवलं, तिथे ना ओळखीची वाट ना ओळखीचं झाड. पुढे पोटासाठी इकडे आला. आणि काही वर्षांपूर्वी वादी सिदरच्या धरणाचा दरवाजा यार्डात बनला, तो बसवायला हे दोघेच आले होते.

"दरवाजा बसला, पानी साठलं, तसा भिक्या हितंच बसला. ह्या जागी. मला म्हनला, मुरल्या, तिकडं धरनानं माजं गाव खाल्लं. हे धरन मी बांदलं, आन् ह्यात कुनाची चूलबी बुडाली न्हाई. हे पानी सवच्छ हाय. मेलो तर मला हितं सोड. कोयनेच्या पान्यात सोडलंस तर आईबापाच्या डोक्यावर उभा ऱ्हायल्यागत हुईल मला."

सुरेशने हळूच रेलिंगला हात लावला. दर वर्षी मंडळी खाली मटण भाजत असायची आणि भिकाजी वर या भिंतीवर एकटाच बसायचा. पाण्याकडे बघत काय बसतो रे, म्हणून आपण त्याची चेष्टा करायचो, हे त्याला आता आठवलं.

"वहिनीला कसं सांगनार, की तुजा नवरा परक्या पान्यात जायचं म्हनतोय? त्याला ती लाज हुती. म्हनून कुनाला बोलला न्हाई. कावळ्याला मी तेच कबूल केलं. पर वहिनीचा निरोप त्याआदीच आला हुता, सगळ्या अस्थी आना म्हनून. आता मी काय करू, ताई? त्याचा शबुद मोडू का तिचा? रातभर तांब्या मांडीवर घेऊन बसलो तंबूत. पहाटं उठलो, निम्मा त्याला दिला, निम्मा तिला ठेवला. लियाकतनं बघितलं. त्यानं नुसते हात वर केले, दुवा मागितल्यागत."

आता सगळं उलगडलं होतं. शोभनाला एरवी क्लेम सुटला की बरं वाटायचं, आज वाटलं नाही. कारण रामेश्वर पुढे आला होता आणि त्याच्या डोळ्यांत अंगार होता.

"माज्या काकीला मी शबुद दिला हुता," तो म्हणाला. "सगळ्या म्हनली हुती ती. सगळ्या! आता तिला काय तोंड दावू?"

६

रामेश्वरला एक तोड सुचली, आणि ती त्याने खालच्या आवाजात शोभनालाच सांगितली. शेगडीत काल रात्रीची राख आहे. मूठ मूठ भरून घालावी. काकीला काय कळतंय?

शोभनाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुला हातात घेताक्षणी कळलं की नाही? मग तिला नाही कळणार? आणि नाही कळलं, तर तुला झोप लागेल का?"

त्याने खाली शेगडीकडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली.

"ठकुबाईंना फोन करू. आत्ता. जे झालं ते सांगू. त्या रागावल्या तर रागावू देत, तो त्यांचा हक्क आहे."

सुरेशच्या मोबाइलला त्या डोंगरात रेंज मिळायची ती फक्त धरणाच्या भिंतीवर. ठकुबाईच्या घराशेजारच्या दुकानात फोन होता. बोलावणं गेलं, पुन्हा लावला, आणि पलीकडून धापा टाकत "हॅलो" आलं. सुरेशने सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. रामेश्वर डोकं धरून खाली बसला होता. मुरलीधर तर उभ्या उभ्या वाळून गेला होता.

"मुरलीधरभावजींना द्या," ठकुबाई म्हणाली.

शांतता एवढी होती की फोनमधला शब्दन् शब्द सगळ्यांना ऐकू येत होता.

"वहिनी, मी चुकलो..."

"पानी गार हुतं का, भावजी?"

"व्हय. लई गार."

"अनवानी गेला हुता न्हवं?"

"व्हय, वहिनी."

"बरं केलंसा. मला म्हनला असता तर मी काय न्हाई म्हनले असते? येडा मानूस. सारा जलम तसाच, पोटातलं पोटात." मग तिचा आवाज फुटला. "भावजी, लगीन झाल्यापास्नं मला तो सगळा कवा मिळाला हुता हो? वरसाला म्हैनाभर यायचा. त्यातबी निम्मं ध्यान तिकडं. आता येतोय तेवढा धाडा."

मुरलीधरने नुसती मान हलवली, जणू तिला ती दिसणार होती.

"आन् एक करा," ठकुबाई म्हणाली. "त्या तळ्याचं पानी बाटलीत भरून द्या सायेबांसंगं. जिथं सोडलासा, तिथलंच. मी तांब्यासंगं संगमात वतते. एकदा तरी सगळा एका जागी यिऊ द्या माज्यापाशी."

फोन बंद झाला. प्रज्ञा तोंडावर ओढणी धरून हमसाहमशी रडत होती, आणि शोभनाने तिला जवळ घेतलं ते स्वतःचे डोळे लपवायलाच. सुरेशने घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं होतं.

लियाकतने बसमधून पाण्याची एक रिकामी बाटली आणली, नळावर चारदा विसळली आणि मुरलीधरच्या हातात दिली. मुरलीधर काठाकडे निघाला. चिखलापासून लांब त्याने चप्पल काढली आणि नीट जोडून ठेवली. तेवढ्यात मागून रामेश्वर आला. त्यानेही आपली चप्पल काढून त्या जोडाशेजारी ठेवली, पँट दुमडली आणि म्हाताऱ्याचा हात धरला.

"चिखुल हाय, नाना," तो म्हणाला. "दमानं."

दोघे गुडघाभर पाण्यात गेले. ऊन आता तलावावर उतरलं होतं. मुरलीधरने जागा दाखवली आणि रामेश्वरने वाकून बाटली भरून घेतली.